रामकुंडातलं पाणी त्या दिवशी कसं असणार, ते आधी सांगा

प्रति,
नाशिक-त्र्यंबकेश्वर कुंभमेळा प्राधिकरणातले सर्व अधिकारी, आणि ज्यांच्या हातात धरणाचे दरवाजे, महापालिकेची गटारं आणि पोलिसांचे बॅरिकेड आहेत ती सगळी मंडळी,

विषय: पर्वणीच्या दिवशीचं रामकुंड आणि कुशावर्तातलं पाणी

सप्रेम नमस्कार.

मी पंचवटीतला. सिंहस्थाच्या तयारीच्या बातम्या रोज वाचतोय, रिंगरोड, पूल, पार्किंग, साधुग्राम, नवे घाट, सीसीटीव्ही, ड्रोन, सगळं येतं त्यात आणि त्यातलं बरंचसं लागणारच आहे, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण उत्तर प्रदेशातून, मध्य प्रदेशातून, आपल्या विदर्भ-मराठवाड्यातून डोक्यावर बोचकं घेऊन जो माणूस येतो तो पाण्यात उतरायला येतो. तीन बुड्या मारतो, ओंजळीने अर्घ्य देतो, तीर्थ म्हणून एक घोट तोंडात घेतो आणि घरी अंथरुणावर असलेल्या म्हाताऱ्या आईसाठी एक बाटली भरून नेतो. बाकी सगळा खटाटोप एवढ्या पाच मिनिटांसाठी असतो. मग ते पाणी त्या दिवशी कसं असणार आहे? याचं उत्तर मला तुमच्या एकाही प्रेझेंटेशनच्या बातमीत सापडलं नाही. "गोदावरी निर्मळ करू" हे वाक्य असतं, पण निर्मळ म्हणजे किती, कधीपर्यंत, मोजणार कोण आणि आम्हाला दाखवणार कुठे, हे नसतं.

माप नाही असंही नाही. आंघोळीच्या पाण्याचा निकष सरकारनेच ठरवून दिलाय. १०० मिलिलिटर पाण्यात फीकल कोलिफॉर्म ५०० पर्यंत असावेत आणि काही झालं तरी २५०० च्या वर जाऊ नयेत, बीओडी (घाण कुजवताना जंतू पाण्यातला किती ऑक्सिजन खातात त्याचं माप) लिटरला ३ मिलिग्रॅमच्या आत, विरघळलेला ऑक्सिजन ५ मिलिग्रॅमच्या खाली नको. फीकल कोलिफॉर्म म्हणजे माणसांच्या आणि जनावरांच्या आतड्यातले जंतू, ते पाण्यात जास्त सापडले की सरळ समजायचं की वर कुठेतरी संडासाचं पाणी नदीत मिसळतंय. आता ज्या पाण्याचा घोट लोक श्रद्धेने घेतात त्या पाण्याबद्दल ही गोष्ट लोकांपासून लपलेली राहणं मला सहन होत नाही, खरंच नाही होत.

प्रयागराजला २०२५ मध्ये काय झालं ते आठवा. मेळा ऐन भरात असताना केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा अहवाल हरित लवादापुढे, म्हणजे पर्यावरणाच्या न्यायालयापुढे आला, त्यात म्हटलं होतं की फीकल कोलिफॉर्मच्या बाबतीत तिथलं पाणी अनेक वेळा आंघोळीच्या निकषात बसत नव्हतं. त्यावर तिथलं सरकार म्हणालं की पाणी आचमनालासुद्धा योग्य आहे. मग टीव्हीवर भांडणं, कुणी म्हणे धर्माची बदनामी, कुणी म्हणे सरकार खोटं बोलतंय. या सगळ्यात ज्याने बुडी मारली त्याला काय कळलं? तो तोपर्यंत गावी पोचला होता. आपल्याकडे हेच परत होऊ नये असं वाटत असेल तर आकडा कोर्टात नंतर नको, घाटावर आधी पाहिजे.

म्हणून माझी पहिली मागणी अगदी साधी आहे. आनंदवल्ली, रामकुंड, टाळकुटेश्वर, तपोवन, दसक आणि त्र्यंबकला कुशावर्त, एवढ्या ठिकाणी मोठे बोर्ड लावा आणि त्यावर पाण्याचे आकडे मराठीत आणि हिंदीत लिहा, शेजारी निकषाचा आकडाही लिहा म्हणजे कुणालाही तुलना करता येईल. मला माहितीये की कोलिफॉर्मची टेस्ट लगेच होत नाही, नमुना उबवावा लागतो, एक-दोन दिवस तरी जातात. चालेल ना, नमुना कुठल्या तारखेचा ते लिहा. ऑक्सिजन, पीएच, गढूळपणा तर जागेवरच मोजता येतो. आणि हे फक्त पर्वणीच्या दिवशी नको, आत्तापासून रोज, कारण रोजचा आकडा समोर असला तरच सुधारणा होतेय की नाही ते दिसेल, नाहीतर पर्वणीच्या आदल्या रात्री पाणी सोडून एक दिवसाचा चांगला आकडा मिळवणं काही अवघड नाही.

तेच पाणी सोडण्याबद्दल आता जरा सविस्तर बोलतो, कारण खरी मेख तिथे आहे.

गंगापूर धरणातून विसर्ग वाढवला की रामकुंड दोन तासांत स्वच्छ दिसायला लागतं, हे आम्ही काठावरचे लोक कायम बघतो. पण घाण संपत नाही, पुढे जाते. आपल्या घरचा केर शेजाऱ्याच्या दारात लोटण्यासारखं आहे ते. पुढे कोण आहे? दसक-पंचक, ओढा, सायखेडा, चांदोरी. सायखेड्याच्या पुलाला दर पुरात पाणवेलींचा एवढा ढीग अडकतो की जेसीबी लावून काढावा लागतो, आणि ही पाणवेल नाशिकच्या सांडपाण्यावर पोसलेली असते. त्याच्या पुढे नांदूरमध्यमेश्वर, महाराष्ट्रातली पहिली रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, २०२० मध्ये तो दर्जा जाहीर झाला, हजारो किलोमीटरवरून पक्षी येतात तिथे. आणि त्याच्याही पुढे जायकवाडी, जिथून छत्रपती संभाजीनगर आणि जालना पाणी पितं. म्हणजे आमच्या पर्वणीची घाण शेवटी कुणाच्या तरी घागरीकडे सरकते. तुमच्या नियोजनाच्या बैठकांना निफाड तालुक्यातल्या नदीकाठच्या गावांचे सरपंच बोलावलेत का कधी? बोलावले असतील तर आनंद आहे, नसतील तर पुढच्या बैठकीला बोलवा, कारण मेळ्यात ते कुठेच नसतात पण मेळ्यानंतर सगळं त्यांच्याकडे जातं.

आणि पाणी कायम असेलच असं नाही. २०१५ चं सिंहस्थ दुष्काळात आलं होतं, तेव्हा शाही स्नानासाठी धरणातून पाणी सोडण्यावरून मुंबई हायकोर्टाने सरकारला विचारलं होतं की लोकांना प्यायला पाणी नसताना हे कशासाठी. प्रश्न बोचरा होता पण बरोबर होता. धरणातलं चांगलं पाणी गटार पातळ करायला वापरणं हा उपाय असूच शकत नाही, गटार नदीत येऊच न देणं हाच उपाय आहे आणि तो किचकट आहे, दिसत नाही, त्याचं उद्घाटन करता येत नाही म्हणूनच तो मागे पडतो असं मला वाटतं.

धरणापासून रामकुंडापर्यंत जे जे नाले नदीला मिळतात त्यातला प्रत्येक नाला कुठे अडवला, त्याचं पाणी कुठल्या पंपिंग स्टेशनला जातं, लाइट गेली तर तिथे जनरेटर आहे का आणि त्यात डिझेल आहे का, हे सगळं नाल्याच्या नावासकट जाहीर करा. वाघाडी रामकुंडाच्या थोडं खाली मिळते, नासर्डी त्याच्याही खाली, या दोन्ही एकेकाळच्या नद्या आहेत, आज त्यांच्या काठावर उभं राहवत नाही. आपले जुने एसटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणारे प्लांट, बांधले तेव्हा बाहेर पडणाऱ्या पाण्याचा बीओडी ३० चालत होता, आता तो १० च्या आत आणायचाय, नवीन आणि अपग्रेडची कामं निघालीत ती चांगलीच गोष्ट आहे, पण ती पर्वणीच्या आधी चालू होऊन स्थिरावली पाहिजेत. असा प्लांट म्हणजे जिवाणूंवर चालणारी गोष्ट, बटण दाबलं आणि दुसऱ्या दिवशी पाणी स्वच्छ असं होत नाही, त्याला बसायला काही आठवडे लागतात. त्यामुळे प्लांटची डेडलाइन जुलै २०२७ असेल तर ती डेडलाइन उशिराचीच आहे.

शिवाय आपलं सिंहस्थ पावसाळ्यात असतं. प्रयागचा मेळा थंडीत, पाणी कमी, आभाळ मोकळं. आपल्याकडे श्रावण-भाद्रपद. पावसाचं पाणी ड्रेनेजमध्ये शिरतं, चेंबरची झाकणं उडतात, प्लांटच्या क्षमतेपेक्षा जास्त पाणी आलं की उरलेलं बायपास होऊन थेट नदीत. त्यात साधुग्रामातली आणि भाविकांची वाढीव गर्दी. म्हणजे नेमकं ज्या दिवशी सगळ्यात जास्त माणसं पाण्यात असणार त्याच दिवसांत गटार फुटण्याची शक्यता सगळ्यात जास्त. हे गृहीत धरून आकडेमोड केलीये का? फिरत्या शौचालयांचे टँकर भरल्यावर कुठे रिकामे होणार, त्या टँकरना रस्ता बंद असताना गावाबाहेर पडायला वाट कुठली? आणि ही सगळी घाण हाताळणारे सफाई कामगार, बरेचसे कंत्राटी, त्यांना हातमोजे, गमबूट, राहायला जागा आणि वेळेवर पगार, हे टेंडरमध्ये लिहिलेलं असतं पण मिळतं का ते बघायला कुणी जात नाही. तुम्ही जा.

आता २ ऑगस्ट २०२७ बद्दल. पहिलं अमृत स्नान, म्हणजे पूर्वीचं शाही स्नान, त्या दिवशी आहे. सोमवार आहे आणि अमावस्या, म्हणजे सोमवती. त्याच दिवशी सूर्यग्रहणही आहे, आपल्याकडे खंडग्रास, दुपारनंतर. ज्यांना आपले लोक माहितीयेत त्यांना कळेल मी काय म्हणतोय. पहाटे आखाड्यांचं स्नान, त्यानंतर भाविकांचं, आणि ज्यांचं सकाळी झालंय त्यातलेही पुष्कळ जण ग्रहणाच्या स्पर्शाला आणि मोक्षाला, म्हणजे ग्रहण लागताना आणि सुटताना, परत पाण्यात उतरणार, शिवाय जपाला काठावर बसून राहणारे वेगळे. नेहमी दुपारनंतर गर्दी ओसरते असा अनुभव धरून बंदोबस्त लावला असेल तर त्या दिवशी तो चुकेल. आणि २०१६ साली याच तारखेला, २ ऑगस्टला, गोदावरीला मोठा पूर आला होता, रामकुंडाजवळची दुतोंड्या मारुतीची मूर्ती पाण्यात गेली होती, भांडी बाजार, सराफ बाजारापर्यंत पाणी. २०१९ च्या ऑगस्टमध्येही पूर होताच. मी भीती घालत नाहीये, तारीख बदला असंही म्हणत नाहीये, तो माझा अधिकारही नाही. एवढंच विचारतोय की त्या दिवशी वर धरणक्षेत्रात धो धो पाऊस लागला आणि विसर्ग करावाच लागला तर घाटावरच्या लाखो लोकांना किती वेळात वर काढणार, कुठल्या रस्त्याने, आणि स्नान कुठे घडवणार? हा प्लॅन कागदावर असेल तर लोकांना दाखवा. लोक ऐकतात, त्यांना आधी सांगितलं तर ऐकतात, ऐनवेळी शिट्ट्या मारून नाही ऐकत.

तिसरी पर्वणी नाशिकला ११ सप्टेंबरला आणि त्र्यंबकला १२ ला, तेव्हा गणपती बसलेले असणार. पोलीस तेच, रस्ते तेच, नदीही तीच. विसर्जनाचं काय करणार ते मंडळांशी आत्ताच बोलून घ्या.

गर्दीचं दुःख या गावाला माहितीये. २७ ऑगस्ट २००३ ला काळाराम मंदिराकडून रामकुंडाकडे उतरणाऱ्या त्या अरुंद रस्त्यावर सरदार चौकात ३९ माणसं गेली. अजूनही त्या उतारावरून जाताना पंचवटीतली जुनी माणसं ते बोलतात. मग २०१५ मध्ये दुसरं टोक, पहिल्या पर्वणीला एवढे बॅरिकेड की म्हाताऱ्या माणसांना कित्येक किलोमीटर चालावं लागलं आणि पुष्कळ जण घाटापर्यंत पोचलेच नाहीत. त्याच वर्षी १४ जुलैला, ज्या दिवशी आपल्याकडे सिंहस्थाचं ध्वजारोहण झालं त्याच दिवशी, याच गोदावरीवर खाली आंध्रात राजमहेंद्रीला पुष्करमच्या, म्हणजे तिथल्या बारा वर्षांनी येणाऱ्या स्नानाच्या मेळ्याच्या, पहिल्या दिवशी चेंगराचेंगरी होऊन २७ जण गेले. आणि २०२५ ला मौनी अमावस्येला प्रयाग, सरकारी आकडा ३०. सगळीकडे कारणं थोडीफार वेगळी पण एक गोष्ट दिसते, एकाच जागी, एकाच मुहूर्ताला सगळ्यांना जायचं असतं कारण दुसऱ्या जागेचं पाणी तेवढं पवित्र नाही असं वाटतं. इथेही परत पाण्याचाच प्रश्न येतो बघा. तपोवनाला, दसकला, नव्या घाटांना लोक का जात नाहीत? पाणी बघून परत फिरतात म्हणून. खालचे घाट रामकुंडाएवढेच स्वच्छ वाहते ठेवा, तिथे पुरोहित बसवा, संकल्प सांगायला माणूस ठेवा, गर्दी आपोआप वाटली जाईल, लाठी लागणार नाही.

बायकांबद्दल कुणी मोकळेपणाने बोलत नाही म्हणून मी लिहितो. ओल्या साडीत काठावर उभं राहून दुसरी साडी आडोसा करून नेसणं, हे आमच्या आयाबहिणी वर्षानुवर्षं करत आल्यात. प्रयागला तर स्नान करणाऱ्या बायकांचे व्हिडिओ काढून सोशल मीडियावर टाकले गेले, पोलिसांना गुन्हे दाखल करावे लागले. कपडे बदलायच्या खोल्या पाण्यापासून दहा-वीस पावलांवर हव्यात, भरपूर हव्यात, आत खुंटी आणि कोरडी जमीन हवी, दाराशी महिला पोलीस हव्यात आणि घाटावर मोबाइलने शूटिंग केल्यास जागेवर कारवाई हवी, मग तो पत्रकार असो नाहीतर रीलवाला. म्हाताऱ्यांसाठी पायऱ्यांना कठडे आणि साखळ्या. एवढी साधी कामं आहेत, खर्चही फार नाही.

नदीला सुशोभित करायच्या नादात तिचं नुकसान करू नका, ही आणखी एक विनंती. रामकुंडाच्या परिसरातली जुनी कुंडं मागच्या कामांमध्ये काँक्रीटखाली गेली, तळाचे झरे बुजले असं अभ्यासक आणि जुने लोक दोघंही सांगतात. त्र्यंबकला तर गावातून वाहणाऱ्या गोदावरीवरच स्लॅब पडला, जिथे नदी जन्मते तिथेच ती लोकांना दिसत नाही. साधुग्रामसाठी तपोवनातली झाडं तोडायचा विषय निघाला तेव्हा नाशिककर रस्त्यावर आले, त्यांना विकासविरोधी, धर्मविरोधी म्हणू नका. ज्या वनात राम-सीता राहिले असं आपण मानतो तिथली झाडं वाचवा म्हणणारा माणूस धर्माच्या विरोधात कसा असेल? मंडपाची आखणी झाडांच्या मधून करता येते, थोडं जास्त डोकं लावावं लागेल एवढंच.

कुशावर्ताचं वेगळं सांगतो. ते बंदिस्त कुंड आहे, वाहतं पाणी नाही, शैव आखाडे आणि त्यांच्यामागे लाखो माणसं त्या एवढ्याशा चौकोनात उतरतात. तिथे पाणी फिल्टर होऊन किती तासांनी बदलतं, हा आकडा बोर्डावर सगळ्यात वर पाहिजे.

थोडं आखाड्यांच्या महंतांशीही बोलायचंय, हे पत्र त्यांच्यापर्यंत गेलं तर. महाराज, तुम्ही म्हणाल ते सरकार ऐकतं, आम्ही म्हणू ते ऐकत नाही. काशीला संकटमोचन मंदिराचे महंत वीरभद्र मिश्र होते, बनारस हिंदू विद्यापीठात हायड्रॉलिक इंजिनिअरिंगचे प्राध्यापकही होते, गंगेत रोज स्नान करायचे आणि त्याच गंगेच्या पाण्याचे नमुने तपासून घ्यायचे, १९८२ मध्ये त्यासाठी संस्था काढली. त्यांची भक्ती कमी झाली नाही त्या आकड्यांनी. स्वामी सानंद, पूर्वाश्रमीचे प्रा. जी. डी. अग्रवाल, आयआयटीत शिकवलेला माणूस, गंगेसाठी १११ दिवस उपोषण करून २०१८ मध्ये गेले. साधूंनी नदीसाठी बोलणं ही आपली परंपरा आहे. वैष्णवांच्या तिन्ही अनी आखाड्यांनी आणि त्र्यंबकच्या आखाड्यांनी एकत्र बसून एवढंच सांगावं की आमचं निशाण पाण्याकडे निघायच्या आधी पाण्याचा आकडा आमच्या हातात द्या. प्लॉटच्या जागेवरून जेवढा जोर लावला जातो त्याच्या निम्मा जोर इथे लावला तरी नाले बंद होतील, माझी खात्री आहे.

आणि आपल्यासारख्या भाविकांनाही शास्त्राने काही सांगितलंच आहे की. तीर्थात उतरायच्या आधी बाहेर अंगाचा मळ काढून आंघोळ करायची, मग तीर्थस्नान, ही जुनी रीत. नदीत साबण नाही, कपडे धुणं नाही, निर्माल्य नाही. घाटाच्या अलीकडे साध्या नळाच्या शॉवरची रांग लावा आणि "आधी इथे आंघोळ, मग तीर्थस्नान" असं पुरोहित संघाच्या नावाने लिहा, लोक आनंदाने करतील. निर्माल्याचे कलश पायऱ्यांवरच ठेवा, लांब ठेवले तर कुणी जात नाही.

ध्वज ३१ ऑक्टोबर २०२६ ला चढतो आणि २४ जुलै २०२८ ला उतरतो. तंबू निघतील, अधिकारी बदलून जातील, पण दशक्रियेला, अस्थी विसर्जनाला, अधिकमासाला, सोमवतीला लोक रामकुंडावर येतच राहणार. त्यामुळे बोर्ड ध्वजाबरोबर उतरवू नका, तपासणीचा खर्च महापालिकेच्या बजेटमध्ये कायमचा टाका आणि तपासणारी लॅब महापालिकेची नको, बाहेरची असू द्या, म्हणजे आकड्यावर कुणी शंका घेणार नाही.

मला या पत्राचं सविस्तर उत्तर नको. पहिला बोर्ड कुठल्या घाटावर आणि कुठल्या तारखेला लागणार, तेवढं जाहीर करा.

आपला,
पंचवटीतला एक रहिवासी